गाढवाच्या शिंगराचं गाणं

गोवत्स नव्हतं ते. गाढवाचं शिंगरू होतं.

माझी भाची चौथीत आहे. परवा सोप्यात बसून ती कविता पाठ करत होती, "माते, कोठे गेलीस गे, वाट मज ना गवसे." मी आत भाजी चिरत होते. विळी तशीच टाकून बाहेर आले आणि तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. पानावर गाईच्या वासराचं चित्र होतं, त्याच्या गळ्यात घंटा. खाली कवी म्हणून तात्यासाहेबांचं नाव.

"आत्या, फाटेल ते," भाची म्हणाली.

"फाटू दे," मी म्हटलं.

ती घाबरून बघत राहिली. तिला काय कळणार. हे गाणं जिचं, त्या तुळसाक्काला जाऊन वर्ष झालं. तात्यासाहेबही आता नाहीत. पण ही कविता अजून शिकवली जाते, आणि माझ्यासारख्या शाळामास्तरणींनीच ती शिकवली आहे. मी स्वतः सहा वर्षं शिकवली. कोण खरं आणि कोण खोटं हे ठाऊक असून शिकवली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

बोलपट यायच्या आधीच्या काळात बेळगावाजवळच्या आमच्या शहापुरात दिवाळी झाली की मारुतीच्या देवळामागच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. चित्रं मुकी. पडद्याच्या एका बाजूला पेटी आणि तबला, दुसऱ्या बाजूला हातात काठी घेऊन गोष्ट सांगणारा माणूस. रविवारी दुपारी बायका-मुलांचा खेळ असे. तंबूच्या फटींना काळं कापड लावून अंधार करत. मी तेव्हा शाळेत नवीन लागले होते आणि मुलींना घेऊन या खेळाला जायची जबाबदारी माझ्यावर आली होती, कारण बाकीच्या शिक्षिकांना तंबूत बसणं कमीपणाचं वाटे.

मोठ्या चित्राआधी एक छोटी फिल्लम दाखवत. तिच्यात माणसं नसत. सगळं हातानं चितरलेलं, आणि ते चितर हलायचं, चालायचं, पडायचं. त्या वर्षी आलेल्या फिल्लममध्ये गाढवाचं एक शिंगरू बाजारात आपल्या आईला चुकतं आणि दिवसभर तिला हुडकत फिरतं. बस, एवढीच गोष्ट.

त्या दिवशी सांगणाऱ्याचा घसा बसला होता. काठी लावून तो घोगऱ्या आवाजात सांगे, "हे गाढव आहे. हे चाललं आहे." पोरं ओरडत होती, बायका एकमेकींशी बोलत होत्या. तबला वाजवणारा रामाप्पा कोष्टी मान खाली घालून ठेका धरत होता. त्याच्या मागे त्याची बायको बसली होती. नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती आणि खेळ सुरू झाल्यामुळे तिथंच अडकली होती. पडद्यावर शिंगरू भर बाजारात एकटं उभं राहिलं, कान पाडून. आणि त्या बाईनं एकदम हाक मारली, "आये..."

हाक म्हणजे हाकच. गाणं नव्हे. पण तिच्यात असा काही सूर होता की तंबू गप झाला. रामाप्पानं वळून बघितलं, पण हात थांबवला नाही. पुढं ती त्या ठेक्यावरच बोलत गेली, आणि बोलता बोलता त्याचं गाणं झालं.

"आये, तू कुटं गं, मला वाट न्हाय गं,
ही म्हस हाय मोठी, पर तुजा वास न्हाय गं.
ह्ये घोडं हाय गोरं, पर तुजा वास न्हाय गं."

खेळ सुटल्यावर मालक तिच्याकडे आला. ती भाकरीचं फडकं झटकत होती. "उद्यापास्नं ये," तो म्हणाला.

"उद्या कांड्या भरायच्या हायत," ती म्हणाली. "आयतवारी येतो म्हणा ह्यांच्यासंगट."

ही तुळसाक्का. सगळी तिला नुसतं आक्का म्हणत. अंगानं बारीक, रंग काळा, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. घरी दोन माग होते. सासरा आणि दीर विणायचे, ती दिवसभर चरख्यावर बसून धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची. उजव्या हाताची बोटं सुतानं कापून कापून कडक झाली होती. लिहायला-वाचायला येत नव्हतं. घरात मराठी, अंगणाबाहेर पडलं की कानडी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

गाण्याबद्दल तिची काही मतं होती आणि ती कुणालाही तोंडावर सांगायची तिला भीती नव्हती. पेटीवाल्यानं शिंगराच्या गाण्यात कुठली तरी नाटकातली तान घातली तर ती मध्येच थांबून म्हणायची, "गाढव असं चालतंय व्हय रं? बाजारात जाऊन बगून ये." ती स्वतः जाऊन बघायची. शनिवारच्या बाजारात कुंभाराच्या गाढवापाशी तिला अर्धा अर्धा तास उभी राहिलेली मी पाहिली आहे. कुंभार विचारायचा, "काय आक्का, इकत घ्यायचंय काय?" ती म्हणायची, "पाय कसा टाकतंय बगतोय." गाढव पाय टाकताना एक क्षण थबकतं म्हणे. तिच्या गाण्यात "वास" या शब्दाआधी तसंच थबकणं होतं. माणसं हसत हसत ऐकायची आणि तिथं आली की गप व्हायची. का गप होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, आईचा चेहरा, आईचे डोळे हे सगळं सोडून वास का घातला?

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघत म्हणाली, "बाई, तुमास्नी लेकरू न्हाय नव्हं? लेकरू तोंड बगून आई वळखत न्हाय. डोळं उघडायच्या आदी वळखतंय त्ये."

तिची स्वतःची दोन गेली होती.

दुसरीत सुंदरा नावाची मुलगी होती. तिची आई तापात गेली होती. मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. पाढे विचारले तर पाटीवर लिहून दाखवी. तंबूतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला आडापाशी बसून गाताना ऐकलं. हलक्या आवाजात, पण सगळं गाणं. त्यात एक ओळ कानडी होती. शिंगरू "आये" म्हणून थकतं आणि मग "अव्वा" म्हणून हाक मारतं, कारण आई कुठल्या भाषेत वळखंल ते त्याला काय ठाऊक. सुंदराच्या घरी कानडी बोलत. ती त्या ओळीला आली की आवाज मोठा करी.

आठवड्याभरात सगळी शाळा ते गाणं म्हणू लागली, आणि सुंदरा वर्गात तोंडानं उत्तरं देऊ लागली. आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तात्यासाहेब वकील तपासणीला आले.

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. उंच, गोरे, पागोटं स्वच्छ, बोलणं संथ. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "बाई, मुली काय म्हणतात ते ऐकलंत? गाढव. आणि वास. आणि त्यात कानडी. आपण इथं भाषा घडवायला बसलो आहोत."

मी म्हटलं, "मुलींना आवडतं ते."

"मुलींना चिंचाही आवडतात," तात्यासाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सगळ्या वर्गांत जाऊन सांगितलं की हे गाणं शाळेत म्हणायचं नाही. सुंदरा पहिल्या बाकावर होती. तिनं मान हलवली. पुढचे कित्येक महिने ती पुन्हा पाटीवर लिहूनच उत्तरं देत राहिली. त्या मुलीचं बोलणं मी बंद केलं, तात्यासाहेबांनी नव्हे. त्यांनी फक्त सांगितलं.

तंबू दोन महिने शहापुरात असे आणि मग निपाणीला जाई. माझी बहीण निपाणीला दिली होती. तिच्याकडे गेले असताना मी तिथल्या रविवारच्या खेळाला गेले. निपाणीची हवाच वेगळी. गावात शिरल्यापासून तंबाखूचा वास नाकात बसतो. तंबूत निम्म्या बायका वखारीत तंबाखू निवडणाऱ्या. त्यांच्या लुगड्यांना, केसांना, पोरांच्या झबल्यांनासुद्धा तोच वास. माझ्या शेजारची एक बाई पोराला शिंकताना पदरानं पुसायची आणि पोर आणखीच शिंकायचं. माझ्या बहिणीनं नाकाला रुमाल लावला होता.

शिंगरू पडद्यावर आलं. म्हशीपाशी गेलं, घोड्यापाशी गेलं. आक्का गात होती आणि गाता गाता ती बाकांकडे बघत होती. शेवटी शिंगराला आई सापडते, तिथं शहापुरात ती म्हणे, "ह्योच वास माजा गं, हीच माजी आय गं." निपाणीत ती एक क्षण थांबली आणि म्हणाली,

"तंबाकूचा वास गं, हीच माजी आय गं."

तंबूत हसू फुटलं. आक्कानं तीच ओळ पुन्हा म्हटली, सावकाश. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि तोंड त्याच्या डोक्यात खुपसलं. दिवसभर वखारीत बसून आलेल्या त्या बायकांना, तुमच्या अंगाला घाण येते एवढंच आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. माझ्या बहिणीनं रुमाल हळूच कमरेला खोचला.

बाहेर आल्यावर मी आक्काला म्हटलं, "ही ओळ लिहून ठेवली पाहिजे."

"कशाला?" ती म्हणाली. "जांबोटीला गेलो तर तितल्या बायकांस्नी शेणाचा वास हाय, भाताचा हाय. तितं तंबाकू काय करायचा?"

मग बोलपट आले. पडदा स्वतःच बोलू लागला, गाऊ लागला. मालकानं पेटीवाल्याला, रामाप्पाला आणि आक्काला एकाच दिवशी सांगितलं की आता गरज नाही. इतकी वर्षं लोक कुणासाठी तंबूत येत होते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. निरोपाला नारळसुद्धा दिला नाही. रामाप्पा दीड वर्षात गेला. त्याला कसला आजार होता ते डॉक्टरला सांगता आलं नाही. आक्का दिवसभर कांड्या भरत राहिली. गात नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "समोर काय हलत न्हाय. कशावर गाऊ?"

पुढच्या पावसाळ्यात तात्यासाहेबांचं बालगीतांचं पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद. शिंगराचं गोवत्स झालं होतं, आयेची माते. वास गेला होता, त्याच्या जागी "वात्सल्य" आलं होतं. कानडी ओळ नव्हती. ठेका मात्र तोच होता. सुरुवातीला चार पानांची प्रस्तावना होती आणि तीत आक्काचं नाव सोडाच, तंबूचाही उल्लेख नव्हता.

त्या वर्षी बक्षीस समारंभात ते गीत मुलींनी म्हणायचं ठरलं. बसवायचं काम माझ्याकडे. सुंदरा आता सातवीत होती आणि तिचा आवाज शाळेत सगळ्यांत चांगला, म्हणून ती पुढे. तिनं मला काही विचारलं नाही. पण समारंभाच्या दिवशी बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत मला आक्का दिसली. धुवट इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. तिला बोलावलं कुणी ते मी ओळखलं.

मुलींनी पहिलं कडवं म्हटलं. मग तात्यासाहेब गीताचा अर्थ सांगायला उभे राहिले. बोलायची त्यांना हौस होती. गीताच्या मध्ये, शिंगरू नदी ओलांडतं तिथं, एक जागा होती. तिथं तीन ठोके कुणी गात नाही, नुसता तबला. आणि मग ओळ येते. आक्काची ओळ होती, "पल्याड आलो गं, कसा त्ये इचारू नगं." तात्यासाहेबांनी ती "पैलतीरी आलो मी, कैसा ते न कळे गे" अशी केली होती.

"या तीन मात्रांच्या मौनाकडे आपण लक्ष द्यावं," तात्यासाहेब म्हणाले. "गोवत्स म्हणजे जीव. नदी म्हणजे संसार. जीव पैलतीरी पोचतो, पण कसा पोचतो हे त्याला सांगता येत नाही. तिथं वाणी थांबते. मला हे मौन सुचलं तेव्हा मी स्वतः काही काळ स्तब्ध झालो होतो."

पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात मागून आक्का उभी राहिली.

"साहेब, एक इचारू?"

तात्यासाहेबांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, कुणी भाविक बाई आहे.

"तितं फिल्लम जळलीती," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मशीनीत अडकून जळली. हातभर तुकडा कापून टाकला मशीनवाल्यानं. शिंगरू ह्या काठाला उबं हुतं, त्ये एकदम पल्याड दिसाय लागलं. लोकं वरडाय लागली, कसं गेलं, कसं गेलं म्हनून. तवा मी ह्यांस्नी म्हटलं, तीन ठोकं नुसतं वाजवा, आन मी म्हनतो कसा आलो इचारू नगं. लोकं हसली आन गप बसली. तुमी तर फिल्लम बगिटली न्हाय. तुमास्नी ही जागा कुटं घावली?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तात्यासाहेबांचे कान लाल झाले. आणि मग त्यांनी वकिलासारखं केलं. माझ्याकडे वळले.

"बाई, आपण मुलींना घेऊन त्या तंबूत जात होता. असं काही गाणं आपण तिथं ऐकलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सुंदरा बघत होती. आक्का बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी खरं सांगणार याची तिला खात्री होती.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

शिपाई आक्कापाशी गेला. तिनं त्याला हात लावू दिला नाही. चपला पायात घातल्या आणि चालत बाहेर गेली. तात्यासाहेब म्हणाले, "अशिक्षित भगिनी आहेत, आपण रोष धरू नये." टाळ्या झाल्या. त्या टाळ्या आजही आठवल्या की माझ्या अंगाची आग होते. मुलींनी दुसरं कडवं सुरू केलं तेव्हा सुंदरा ओठ मिटून उभी होती. बाकीच्यांचा आवाज पातळ लागत होता. मी पेटी वाजवत राहिले.

आठ दिवस मी आक्काच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होते. नवव्या दिवशी आत गेले. माग चालू होते, खटक-खटक आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. आक्का चरख्यावर होती. तिनं पायानंच पाट माझ्याकडे सरकवला.

"आक्का, माझी चूक झाली," मी म्हटलं. "नोकरी गेली असती."

"गेली असती की," ती म्हणाली.

"माझ्यावर घर आहे."

"ठावं हाय." तिनं भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली आणि दुसरी लावली. "बाई, गप बसला असता तर मला काय वाटलं नसतं. पोटासाटी मानसं गप बसत्यात. मी बी बसलो हाय लई ठिकाणी. पर तुमी आटवत न्हाय का म्हनला? तुमास्नी आटवतंय. त्या निपाणीच्या बाया तुमच्या शेजारी रडल्या त्ये तुमास्नी आटवतंय."

मी टोपलीतली एक कांडी उचलून परत ठेवली.

"गाणं माजं म्हणा न्हायतर त्येंचं म्हणा. मी काय त्ये देवघरात ठेवणार न्हवतो. पर झालंच न्हाय म्हनल्यावर मग आमी इतकी वर्सं तितं बसून काय केलं?" तिनं चरखा थांबवला. "ह्यांनी काय केलं? तीन ठोकं कुनाचं हुतं? माजं न्हवतंच, ह्यांचं हुतं."

मला तोवर हे लक्षातच आलं नव्हतं. ती सभेत स्वतःसाठी उभी राहिली असं मी धरून चालले होते. ती रामाप्पासाठी उभी राहिली होती.

तिनं चहा दिला. मी प्याले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी जात राहिले. शाळेत मात्र गोवत्स शिकवत राहिले. तात्यासाहेबांना मी कधी काही म्हणाले नाही. ते गेले तेव्हा शाळेला सुट्टी मिळाली आणि शोकसभेत मुलींनी तेच गीत म्हटलं. इतका संताप मला क्वचितच आला असेल. त्याचं मी काय केलं? घरी येऊन भांडी घासली.

लढाई संपल्यावर बेळगावात, कॅम्पातल्या थिएटरात, चितरांचा मोठा बोलपट लागला. दीड तासाचा, रंगीत, इंग्रजी. सगळी जनावरं, आणि सगळी गाणारी. मी आक्काला म्हटलं, चला. ती पन्नाशीच्या पुढे गेली होती, गुडघे धरत होते. दुपारच्या खेळाला टांग्यातून गेलो. टांगा वाटेत फाटकाशी अडकला आणि आम्ही आत शिरलो तेव्हा खेळ सुरू झाला होता.

चित्र सुंदर होतं. थिएटरातली गोऱ्या साहेबांची पोरं टाळ्या वाजवत होती. आक्का मात्र हाताची घडी घालून बसली होती. ससे गायले, पाखरं गायली. "लई ग्वाड हाय," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं. मग एक म्हातारी अस्वलीण आली. ती कणीक मळता मळता गात होती. मोठं गाणं नव्हतं. आक्का पुढं झुकली. गाणं संपेपर्यंत तशीच राहिली.

"हेचं गाणं चांगलं हाय," ती म्हणाली.

"काय म्हणते ते कळलं का?" मी विचारलं.

"न्हाय. पर दम बगा तिचा. पिठावर जोर दिला की दम सुटतोय, आन शबुद तितंच तुटतोय. ज्येनं केलं त्येनं कणीक मळलीया. नुसतं बसून केलेलं गाणं न्हाय ह्ये." जरा वेळानं तिनं विचारलं, "कुनी केलं?"

मी सांगितलं की नावं सुरुवातीला दाखवतात, आपल्याला उशीर झाला.

"समद्यांची दाखवत्यात?"

"बहुतेक सगळ्यांची. चित्र काढणारे, रंग भरणारे, गाणी करणारे, वाजवणारे."

"वाजवणारे बी?"

"हो."

खेळ सुटल्यावर आम्ही बाहेर पडलो. टांग्याशी आल्यावर म्हणाली, "उद्या परत येऊ. येळंवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो. दिवे गेले. वाजंत्री सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरं आली. आक्कानं माझा दंड धरला. "वाचा."

मी वाचू लागले. इंग्रजी नावं, भराभर बदलणारी. मागून एक साहेब शुक-शुक करू लागला. मी आवाज खाली आणला, तशी आक्का म्हणाली, "मोट्यानं वाचा, बाई." मग मी मोठ्यानं वाचलं. पुढच्या ओळीतली माणसं वळून बघू लागली. डोअरकीपर बॅटरी घेऊन आला आणि त्यानं उजेड माझ्या तोंडावर मारला. मी थांबले नाही. चित्रं काढणाऱ्यांची लांबच लांब यादी वाचली. रंग भरणाऱ्यांत दोन बायकांची नावं होती, तीही वाचली. वाजवणाऱ्यांची वाचली. गाणी करणाऱ्याचं नाव आलं तेव्हा आक्कानं ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून बघितलं, आपल्या जिभेला जमेल तसं, पहिल्यांदा चुकत, मग बरोबर.

अक्षरं संपली. पडद्यावर रान उगवलं, पहिला ससा बिळातून डोकावला आणि पोरं खिदळली.

आक्का उठली.

"कुठं निघालात?" मी म्हटलं. "आता तर सुरू झालं."

"बगिटलंय मी काल," ती म्हणाली. "तुमी बसा. मी हळूहळू जातो चालत."

गुडघ्यावर हात देत, साहेबांच्या पोरांच्या पायांतून वाट काढत ती बाहेरच्या दाराकडे गेली. ते नाव ती अजून पुटपुटत होती. डोअरकीपरनं दारावरचा जाड पडदा तिच्यासाठी बाजूला धरला. बाहेर दुपारचं ऊन होतं. त्या उजेडात तिनं पदर डोक्यावर ओढलेला मला दिसला, आणि पडदा पडला.